फाईलची पिशवी आणि डॉक्टरांचा कॉम्प्युटर: ईएमआर म्हणजे नेमकं काय, आणि डॉक्टरला त्याचा काय फायदा?

कराडातल्या कुठल्याही दवाखान्यात सकाळी दहाच्या सुमारास जाऊन बसा. बाकावरच्या दर दुसऱ्या माणसाच्या मांडीवर एक पिशवी दिसेल. साडीच्या दुकानाची, नाहीतर मिठाईवाल्याची. त्यात रिपोर्ट, चिठ्ठ्या, एक्स-रेचं मोठं पाकीट, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणि कधीकधी घरचं लाईटबिलसुद्धा. पाटण, ढेबेवाडी, मसूर, उंब्रजहून माणसं एसटीने येतात आणि आपला सगळा आजारपणाचा इतिहास या पिशवीतून घेऊन येतात. पिशवी घरी राहिली की इतिहासही घरीच राहिला.

माझ्या आजीची पिशवी अशीच एकदा घरी राहिली होती.

आजीच्या हृदयाची झडप बदललेली आहे. त्यामुळे तिला रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन नावाची गोळी रोज घ्यावी लागते. एकदा गुडघे फारच दुखायला लागले म्हणून ती शेजारच्या काकूंबरोबर जवळच्याच एका दवाखान्यात गेली. आमचे नेहमीचे डॉक्टर त्या दिवशी गावाला गेले होते. नव्या डॉक्टरांनी विचारलं, "आजी, दुसरं काही औषध चालू आहे का?" आजी म्हणाली, "हाय की, बीपीची बारकी गोळी." तिच्या हिशेबात घरातल्या सगळ्याच गोळ्या बीपीच्या. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या दिल्या. गुडघेदुखीवर अगदी नेहमीचं औषध.

चौथ्या दिवशी पहाटे ती बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली. शी डांबरासारखी काळी होत होती, पण लाजेने तिने दोन दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. हिमोग्लोबिन सहावर आलेलं. वॉरफरिन रक्त गोठू देत नाही आणि डायक्लोफेनॅक जठराच्या आतल्या अस्तराला इजा करतं. दोन्ही एकत्र पोटात गेली की आत रक्तस्राव होण्याचा धोका खूप वाढतो. तीन बाटल्या रक्त चढवल्यावर आजी सावरली.

तेव्हा मला त्या डॉक्टरांचा भयंकर राग आला होता. आता तितका येत नाही. त्यांनी प्रश्न विचारला होता. उत्तर चुकीचं आलं आणि ते तपासायला त्यांच्याकडे काही साधन नव्हतं. गंमत बघा, आजी वॉरफरिन घेते ही माहिती तेव्हा तीन ठिकाणी होती: ऑपरेशनच्या डिस्चार्ज कार्डावर, आमच्या डॉक्टरांच्या केसपेपरवर, आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याच्या बिलाच्या कॉम्प्युटरमध्ये. जिथे हवी होती त्या टेबलावर मात्र नव्हती. माझं काम पेमेंटच्या सॉफ्टवेअरचं आहे. आमच्याकडे असं झालं की आम्ही माणसाला दोष द्यायच्या आधी सिस्टीम तपासतो.

फोटो काढला म्हणजे रेकॉर्ड झालं का?

ईएमआर म्हणजे इलेक्ट्रॉनिक मेडिकल रेकॉर्ड. एका दवाखान्याच्या किंवा हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमध्ये असलेली तुमची फाईल. तुम्ही कधी आलात, काय तक्रार होती, तपासल्यावर काय दिसलं, कोणती औषधं दिली, कुठल्या रिपोर्टमध्ये काय आलं, कशाची ॲलर्जी आहे, हे सगळं तिच्यात. याचाच मोठा भाऊ म्हणजे ईएचआर, इलेक्ट्रॉनिक हेल्थ रेकॉर्ड. तो एका दवाखान्यापुरता राहत नाही, तुमच्याबरोबर फिरू शकतो. बोलताना लोक दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात, पण पुढे फरक लागणार आहे म्हणून सांगून ठेवतो.

आता एक सर्रास होणारी गफलत. बरेच जण म्हणतात, "आमचं सगळं डिजिटल आहे, रिपोर्टचे फोटो व्हॉट्सॲपवर आहेत." फोटो डोळ्यांना वाचता येतो. कॉम्प्युटरसाठी तो नुसता रंगीत ठिपक्यांचा ढीग असतो. त्यात क्रिएटिनिन १.२ आहे हे त्याला आपोआप कळत नाही, मागच्या वर्षीच्या आकड्याशी तुलना करणं तर लांबच. ईएमआरमध्ये तो आकडा आकडा म्हणूनच साठवलेला असतो. खरा फायदा तिथून सुरू होतो.

आणि फक्त आकडाच नाही, शब्दही. कराडातल्याच चार डॉक्टरांना एकाच रोगाचं नाव लिहायला सांगा. एक लिहील 'डीएम', दुसरा 'टाईप टू', तिसरा 'शुगर', चौथा 'मधुमेह'. माणसाला चारही कळतात, कॉम्प्युटरला ते चार वेगळे रोग वाटतात. म्हणून जगभर ठरलेले कोड असतात. स्नोमेड सीटी या शब्दकोशात टाईप २ मधुमेहाचा कोड ४४०५४००६ आहे. डॉक्टरने पडद्यावर काहीही निवडलं तरी आत हाच आकडा जातो. तसंच लॅबच्या तपासण्यांसाठी लॉइंक नावाचे कोड आहेत; रक्तातल्या क्रिएटिनिनचा कोड २१६०-०. भारत २०१४ मध्ये स्नोमेडचा सदस्य झाला, त्यामुळे आपल्या देशात तो वापरायला फी लागत नाही, आणि त्याचं राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यात आहे, सी-डॅकमध्ये. केंद्र सरकारने अशा रेकॉर्डसाठी मानकं २०१३ मध्ये काढली आणि २०१६ मध्ये सुधारली. म्हणजे कागदावरची तयारी जुनी आहे. दवाखान्याच्या टेबलापर्यंत ती पोचायला वेळ लागतोय.

पाटलांच्या कपाटात कुठले पाटील?

आजी घरी आल्यावर आमच्या डॉक्टरांशी बोललो. वय साठीच्या पुढे, तीस वर्षांहून जास्त प्रॅक्टिस. ते म्हणाले, "मलाही कॉम्प्युटरवर जायचंय रे, पण बसवून कोण देणार? तू देतोस का?" मग पाच-सहा महिने रविवारी मी त्यांच्या दवाखान्यात जात राहिलो. सॉफ्टवेअर मी बनवलं नाही, बाजारातलं तयार घेतलं. कुठलं ते सांगत नाही, कारण ही जाहिरात नाही. माझं काम म्हणजे प्रिंटर जोडणं, कंपाउंडरला शिकवणं आणि डॉक्टरांच्या शिव्या ऐकणं.

पहिल्याच रविवारी केसपेपरचं कपाट बघितलं. आडनावाप्रमाणे लावलेलं. आता कराड-पाटण भागात आडनावाप्रमाणे लावायचं म्हणजे अर्ध्याहून जास्त कपाट पाटील, जाधव, पवार, चव्हाण आणि मोहिते. 'पाटील, शंकर' या नावाचे तर कितीतरी केसपेपर. त्यातल्या दोघांचं वडिलांचं नावही एकच. कंपाउंडर त्यांना चेहऱ्यावरून आणि गावावरून ओळखायचा. तो सुट्टीवर असला की डॉक्टर सरळ नवीन पेपर काढायचे. जुना पेपर, त्यावरची ॲलर्जी, सगळं कपाटातच.

कॉम्प्युटरवर आल्यावर हा प्रश्न लगेच सुटला असं समजू नका. आम्ही मोबाईल नंबरवरून शोधायचं ठरवलं, तर एका नंबरावर पाच माणसं निघाली, कारण घरात नंबर एकच. मग मोबाईल, वय आणि गाव असं तिन्ही मिळून बघायला लागलो. कंटाळवाणं काम आहे, पण सगळं त्यावर उभं आहे. चुकीच्या शंकर पाटलांची फाईल उघडली तर बाकीची हुशारी उलट अंगावर येते.

आता जे बघून डॉक्टर स्वतःच गप्प झाले ते सांगतो.

एक गृहस्थ, पन्नाशी उलटलेले, शुगरचे पेशंट. मी त्यांचे जुने रिपोर्ट कॉम्प्युटरमध्ये भरत होतो. चार वर्षांचे क्रिएटिनिनचे आकडे: ०.७, ०.९, १.१, १.२. क्रिएटिनिन हे किडनी किती रक्त गाळतेय याचं ढोबळ माप. किडनीचं काम कमी झालं की ते वाढतं. लॅबच्या कागदावर 'नॉर्मल' मर्यादा १.३ पर्यंत छापलेली होती, त्यामुळे चारही रिपोर्टवर एकही आकडा ठळक छापलेला नव्हता. प्रत्येक वेळी डॉक्टरांनी एकेक कागद बघितला आणि तो बरोबरच होता. पण सॉफ्टवेअरने चारही ठिपके जोडून रेघ काढली तेव्हा ती सरळ वर चढताना दिसली. ०.७ वरून १.२ म्हणजे त्या माणसाच्या किडनीच्या कामात बरीच घट. डॉक्टर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कागद एकेकटे खरं बोलत होते रे." त्यांनी दुसऱ्याच दिवशी त्या गृहस्थांना बोलावलं, लघवीतल्या प्रथिनांची तपासणी करायला सांगितली आणि दुखण्यावर ते अधूनमधून घेत असलेल्या गोळ्या बंद केल्या.

हा डॉक्टरचा अडाणीपणा नव्हता. दिवसाला साठ-सत्तर पेशंट, प्रत्येकाला चार-पाच मिनिटं, आणि मागचे आकडे पिशवीत. ही गोष्ट संशोधनात फार पूर्वी दिसलेली आहे. अमेरिकेत इंडियानापोलिसमध्ये क्लेमेंट मॅकडोनाल्ड नावाच्या डॉक्टरने १९७० च्या दशकात दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर एक प्रयोग केला. पेशंटच्या माहितीत काही लक्ष देण्यासारखं असेल तर कॉम्प्युटर डॉक्टरला आधीच एक सूचना छापून द्यायचा. १९७६ मध्ये त्याचा निष्कर्ष छापून आला: सूचना होती तेव्हा डॉक्टरांनी ५१ टक्के प्रसंगी योग्य ती कृती केली, सूचना नव्हती तेव्हा फक्त २२ टक्के. डॉक्टर तेच, शिक्षण तेच. त्याचं म्हणणं असं होतं की चुका ज्ञान कमी असल्याने होत नाहीत. माणसाच्या डोक्यात एका वेळी इतकी माहिती मावतच नाही. पन्नास वर्षं होत आली याला.

औषधांच्या बाबतीत तर फायदा सगळ्यात थेट. आजीचं नाव आता आमच्या डॉक्टरांनी उघडलं आणि डायक्लोफेनॅक टाईप केलं की लाल चौकट येते: 'वॉरफरिन चालू आहे.' बस्स, एवढंच. बोस्टनमधल्या एका मोठ्या हॉस्पिटलात औषधं हाताने लिहिण्याऐवजी कॉम्प्युटरवर लिहायला सुरुवात केल्यावर औषधांच्या गंभीर चुका ५५ टक्क्यांनी कमी झाल्या, असा अभ्यास १९९८ मध्ये आला होता. तिथलं सॉफ्टवेअर आजच्या मानाने अगदी साधं होतं.

लहान मुलांचं उदाहरण बघा, कारण तिथे गणित आहे. पॅरासिटामॉलचा एक डोस साधारण किलोमागे १५ मिलिग्रॅम. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम. पण बाजारात सिरप वेगवेगळ्या ताकदीची मिळतात. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असेल तर द्यायचं ७.५ मिलिलिटर. ५ मिलिलिटरमध्ये २५० असेल तर फक्त ३.६. आईने घरात असलेली दुसरीच बाटली उघडून साडेसात मिलिलिटर पाजलं तर ३७५ मिलिग्रॅम जातं, दुपटीहून जास्त. रात्री नऊ वाजता, बाहेर वीस माणसं बसलेली असताना हा गुणाकार-भागाकार डॉक्टरने तोंडी करायचा. सॉफ्टवेअर वजन विचारतं आणि मिलिलिटर सांगतं, शिवाय चिठ्ठीवर कुठली बाटली तेही स्वच्छ छापतं. चिठ्ठीतलं अक्षर हा आपल्याकडे विनोदाचा विषय आहे, पण औषधाचं नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं असा नियम मेडिकल कौन्सिलला २०१६ मध्ये करावा लागला.

याच सॉफ्टवेअरचा मला न सुचलेला उपयोग २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये झाला. मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या एका विषारी सिरपमुळे लहान मुलं दगावल्याच्या बातम्या आल्या आणि आपल्याकडेही अन्न व औषध प्रशासनाने त्या बॅचबद्दल इशारा दिला. डॉक्टरांचा रात्री फोन. "मी ते कुणाला लिहिलंय का, बघता येईल का रे?" औषधाचं नाव टाकलं, मागचे सहा महिने निवडले. यादी रिकामी. आमची चौकशी दोन मिनिटांत संपली. कपाटातले हजारो केसपेपर उलटायचे असते तर डॉक्टरांनी देवावर हवाला ठेवला असता, दुसरं काय.

हीच यादीची युक्ती उलटीही चालते. 'शुगरचे असे पेशंट दाखव, ज्यांची वर्षभरात क्रिएटिनिनची तपासणी झालेली नाही.' प्रिंट काढली तर दोन पानं भरली. कागदावरच्या दवाखान्यात जो येतो तोच दिसतो. जो यायचा बंद झालाय तो दिसतच नाही, आणि काळजी त्याचीच करायची असते. कंपाउंडरने त्या दोन पानांतल्या लोकांना फोन केले. काही आले, काहींनी पुण्याला मुलाकडे राहायला गेल्याचं सांगितलं, एकाच्या बायकोने ते वारल्याचं सांगितलं.

उसाच्या हंगामात आणखी एक गोष्ट दिसते. कारखाने सुरू झाले की बीड, नगरकडून तोडणी कामगारांच्या टोळ्या येतात. फडात राहायचं, हंगाम संपला की परत. त्यातली एखादी गरोदर बाई येते, चार महिने तिकडे तपासण्या झालेल्या, पण कार्ड गावी. रक्तगट माहीत नाही, आधीच्या बाळंतपणात सिझर झालं होतं का याचं उत्तर नवरा वेगळं देतो आणि सासू वेगळं. डॉक्टर पुन्हा सगळ्या तपासण्या लिहितात. तिचा रोज बुडतो, पैसे जातात. इथे आमच्या दवाखान्याचा ईएमआर काहीच कामाचा नाही, कारण तिची माहिती त्यात नाहीच. इथे लागतो तो मोठा भाऊ, ईएचआर.

आभा: माहिती कुठे असते आणि कशी सरकते?

१५ ऑगस्ट २०२० ला केंद्राने डिजिटल आरोग्य मिशन जाहीर केलं, आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन नावाने देशभर सुरू झालं. यात तुम्हाला १४ आकडी आभा नंबर मिळतो. आधी एक गोंधळ मिटवू. आभा कार्ड वेगळं आणि पाच लाखांच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड वेगळं. आभा काढलं म्हणून उपचार फुकट होत नाहीत. तो फक्त तुमच्या रेकॉर्डचा पत्ता आहे. आणि ते काढणं ऐच्छिक आहे.

बऱ्याच जणांना वाटतं की आपले सगळे रिपोर्ट दिल्लीच्या कुठल्यातरी सर्व्हरवर जाऊन पडतात. रचना तशी नाही. रिपोर्ट जिथे तयार झाला त्या हॉस्पिटल किंवा लॅबकडेच राहतो. आभाला फक्त एवढं जोडलेलं असतं की 'या माणसाचं काहीतरी रेकॉर्ड अमुक ठिकाणी आहे.' समजा मलकापूरच्या एखाद्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरला तुमचे पुण्यातले जुने कागद बघायचे आहेत. त्यांच्या सॉफ्टवेअरमधून विनंती निघते आणि तुमच्या फोनवर येते: कोण मागतंय, कशासाठी, कुठल्या काळातले रिपोर्ट, आणि किती दिवस बघता येतील. तुम्ही होकार दिला की पुण्याहून माहिती कुलूपबंद होऊन तिकडे जाते. होकार नंतर मागेही घेता येतो. यूपीआयमध्ये पैसे तुमच्याच बँकेत असतात आणि ॲप फक्त निरोप पोचवतं, त्याच्याशी हे बरंचसं जुळतं. मी रोज पेमेंटमध्येच असतो म्हणून मला ही रचना ओळखीची वाटली.

दोन वेगळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर एकमेकांचं बोलणं समजून घेतात ती फायर नावाच्या ठरलेल्या साच्यामुळे. आगीशी संबंध नाही, चार इंग्रजी अक्षरांचं नाव आहे.

पण अडचण सरळ आहे. पुण्याच्या हॉस्पिटलने रेकॉर्ड आभाला जोडलंच नसेल तर मागून काय मिळणार? आभा कार्ड खिशात आणि मागे काहीच नाही, असं खूप लोकांचं आहे. सध्या अनेक सरकारी हॉस्पिटलांत क्यूआर स्कॅन करून केसपेपर काढायची सोय दिसते. रांगेत नाव, वय, पत्ता सांगायचा त्रास वाचतो हे चांगलंच, पण ते रेकॉर्ड नव्हे, ते फक्त दार.

डॉक्टर वैतागतात ते उगाच नाही

आता दुसरी बाजू, कारण ती झाकली तर पुढचा लेख कोणी वाचणार नाही.

पहिल्या महिन्यात आमच्या डॉक्टरांनी दोनदा कीबोर्ड बाजूला सारला. एक म्हातारे आजोबा मला म्हणाले, "डाक्टर आता माझ्याकडं बघतच न्हाईत, त्या टीव्हीकडं बघत्यात." ते ऐकून डॉक्टरांना जे लागलं ते मी विसरणार नाही. अमेरिकेत २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं की डॉक्टर पेशंटसमोर एक तास घालवत असेल तर जवळजवळ दोन तास कॉम्प्युटर आणि कागदपत्रांत जातात. तिथे २००९ च्या कायद्याने सरकारी पैसे मिळत असल्यामुळे हॉस्पिटलांनी घाईने ईएमआर घेतले, आणि त्यांचा बराच भाग विम्याच्या बिलासाठी बनलेला होता. डॉक्टरला काय हवं ते शेवटी.

आम्ही शेवटी उपाय साधा केला. पडदा तिरका ठेवला, म्हणजे पेशंटलाही दिसतो. वजन, बीपी, ताप कंपाउंडर बाहेरच भरतो. डॉक्टर फक्त निदान आणि औषध निवडतात, आणि नेहमीच्या आजारांची औषधं एका क्लिकवर येतील अशी मांडून ठेवली. बाकीचं ते अजूनही कागदावर लिहितात आणि त्याचा फोटो फाईलला जोडतात. हो, तोच फोटो, ज्याला मी वर नावं ठेवली. सगळंच टाईप करायला लावलं असतं तर तिसऱ्या महिन्यात सगळंच बंद पडलं असतं.

लाल चौकटींचंही तसंच. सॉफ्टवेअर सुरुवातीला प्रत्येक गोळीला इशारा द्यायचं, अगदी नावापुरता धोका असला तरी. चौथ्या दिवसापासून डॉक्टर न वाचता 'ओके' दाबायला लागले. जगभरच्या अभ्यासांत डॉक्टर असे ४९ ते ९६ टक्के इशारे ओलांडून जातात असं दिसलंय. फोनवरच्या नोटिफिकेशन तुम्ही कशा सरकवता, तसंच. आम्ही फक्त गंभीर इशारे ठेवले. आजीच्या बाबतीतला त्यातलाच एक.

मग सुरक्षितता. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला, आणि एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात कित्येक दिवस हाताने केसपेपर लिहावे लागले. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या हॉस्पिटलांत कित्येक वर्षं चाललेली संगणक प्रणाली कंत्राटाच्या वादात बंद पडली. तिथे हॅकर वगैरे कोणी नव्हता. म्हणून डॉक्टरांना मी पहिला प्रश्न हाच विचारायला लावला: उद्या तुमचं सॉफ्टवेअर सोडलं तर माझ्या पेशंटची सगळी माहिती मला कुठल्या स्वरूपात मिळेल? एका विक्रेत्याने या प्रश्नावर विषय बदलला. त्याला आम्ही चहा पाजून निरोप दिला. जे घेतलं त्याचा बॅकअप रोज रात्री वेगळ्या डिस्कवर जातो, आणि लाईट गेली तर दोन तास इन्व्हर्टर.

गुप्ततेबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. लोकांना वाटतं कागद सुरक्षित. कराडसारख्या गावात, जिथे प्रत्येकाचा कोणीतरी पाहुणा निघतो, तिथे टेबलावर उघडा पडलेला केसपेपर कोण वाचून गेलं हे कधीच कळत नाही. मग तो एचआयव्हीचा असो किंवा मानसिक आजाराचा. कॉम्प्युटरमध्ये कुणी, कधी, कुठली फाईल उघडली याची नोंद राहते. अट एकच, प्रत्येकाचा लॉगिन वेगळा हवा. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात पासवर्ड मॉनिटरलाच चिकटवलेला होता, तो मी काढला. दुसऱ्या आठवड्यात तो कीबोर्डखाली सापडला.

हीच नोंद डॉक्टरला कोर्टकचेरीतही कामाला येते. कोणती तपासणी कधी सांगितली, पेशंटला काय समजावलं, हे वेळेसकट असतं आणि नंतर बदललं तर बदलही दिसतो. कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ॲडमिट पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं जपायचं असतं आणि पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत द्यायचं असतं. त्याच नियमांत रेकॉर्ड कॉम्प्युटरवर आणण्याचा प्रयत्न करावा असंही लिहिलेलं आहे. २००२ मध्ये! तेव्हा मी बालवाडीत होतो.

तुमच्या हातातलं काम

तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरात एक आजी, आजोबा किंवा शुगरवाले काका असणार, आणि घरातला 'मोबाईलमधलं कळणारा' माणूस तुम्ही असणार. तर एक रविवार काढा. पिशवी उपडी करा. लॅबकडे पीडीएफ रिपोर्ट मागा, फोटोपेक्षा तो बरा. पीडीएफमधले आकडे निदान सर्च तरी करता येतात. आभा काढायचं तर सरकारी ॲपवरूनच काढा. "आभा बनवून देतो, ओटीपी सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या. आणि डॉक्टर बदलताना जुन्या ठिकाणाहून रेकॉर्ड मागायला लाजू नका.

एक गोष्ट मात्र फोनवर ठेवू नका, किंवा फक्त फोनवर ठेवू नका. बेशुद्ध माणूस ओटीपी सांगू शकत नाही आणि लॉक उघडू शकत नाही. चालू औषधं, ॲलर्जी, झालेली ऑपरेशनं आणि घरचा एक नंबर, एवढं एका कार्डावर लिहून लॅमिनेट करा.

आजीचं असं कार्ड मी करून दिलंय. वर मोठ्या मराठी अक्षरांत 'मी रक्त पातळ करण्याची वॉरफरिन गोळी घेते. विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी देऊ नये.' ती ते बटव्यात ठेवते आणि डॉक्टरच्या आधी सगळ्यांना दाखवते. परवा रेशन दुकानदारालाही दाखवलं. त्याने वाचून तिला बसायला स्टूल दिलं.